मधलं वर्तुळ

तीन दिवस लागतील, असं मी आधीच सांगितलं होतं.
जिमची जमीन मेपलची, सत्तावन्न सालची,
वर वॉर्निशचे किती हात बसलेत, देव जाणे.
घासायचं मशीन भाड्याचं, माणूस जुनाच:
डेलबर्ट हॅगस्ट्रॉम, या शाळेचा शिपाई,
आणि त्याआधी (हे कुणी विचारलं नाही)
याच वर्तुळात नाचलेला चीफ.

हो, दोन हंगाम ते सोंग माझं होतं.
पिसं टर्कीची, मामाच्या खुराड्यामागून वेचलेली.
आईने ती उकळत्या रंगात बुडवली,
पडद्याच्या उरल्या कापडावर टाचली,
दोन पावलं मागे सरकून म्हणाली, शोभतंय हो.
तिला कुणालाच दुखवायचं नव्हतं.
हे मी तिची बाजू घेऊन सांगत नाहीये,
नुसतं सांगतोय.

शुक्रवारी रात्री अख्खं गाव बाकांवर.
तळहात तोंडावर आपटत सगळे एका सुरात ओरडायचे,
पाद्रीसुद्धा, दातांचा डॉक्टरसुद्धा,
आणि मी खाली, गुडघे छातीपर्यंत उचलत.
तिसऱ्या रांगेत वेंडेल किंगबर्ड.
हाताची घडी.
तोंडावर बोट नव्हतं,
पण असल्यासारखंच.
हिवाळा सरायच्या आत तो यायचाच थांबला.
मला वाटलं, त्याला बास्केटबॉल आवडत नसेल.

मग चाळीस-पंचेचाळीस वर्षं
मी त्या चेहऱ्यावरून रोज ओला पोछा फिरवला.
लाल गाल, सुपाएवढे दात,
नाक असं, की कुणाच्याच घरात तसलं नसतं.
पुसताना कुणी तोंडाकडे बघतं का?

सभा झाली मार्चमध्ये. खुर्च्या कमी पडल्या.
हार्डवेअरवाला रस्क म्हणाला, हा तर आमच्याकडून मान आहे त्यांना.
कुणी खर्च काढला, कुणी पणजोबा काढले.
वेंडेलची नात ॲव्हिस, नववीतली, उठली,
कागद आणला होता, तो उघडलाच नाही.
म्हणाली, माझे आजोबा याच शाळेत शिकले.
मॅचच्या दिवशी ते मागच्या दाराने घरी जायचे.
आणि बसली.
चार विरुद्ध तीन.

नवं नाव पोरांनी निवडलं: सारस.
एकेचाळीस मतं बटाट्याला पडली होती,
ती मोजताना मुख्याध्यापिका पहिल्यांदा हसल्या.

पहिल्या दिवशी वॉर्निश गेलं.
दुसऱ्या दिवशी गाल, पिसं, दात.
त्याखाली आणखी एक चेहरा निघाला,
माझ्याही आधीचा, याहून वाईट.
मी मशीन बंद केलं, बाहेर जाऊन डबा खाल्ला,
आत येऊन तोही घासला.

आणि तरी तो राहिलाच.
रंग नाही, रेघ नाही,
पण भोवतालचं लाकूड उन्हाने पिवळं पडलेलं
आणि रंगाखालचं कोरं,
आजारातून उठलेल्याच्या कातडीसारखं.
तेवढाच पांढुरका आकार. कपाळ. हनुवटी.

संध्याकाळी ॲव्हिस बूट न्यायला आली,
मागोमाग आजोबा, टोपी हातात.
वेंडेल वर्तुळाच्या कडेशी थांबला.
पाय आत टाकला नाही.
बराच वेळ बघून म्हणाला,
नाक अजून आहे.
मी म्हटलं, उद्या आणखी एक हात मारतो.
तो म्हणाला, मार.
दारापाशी वळला:
आणि डेल, नाचता तुला कधीच येत नव्हतं.

मला उत्तर सुचलं नाही.
आजही सुचलेलं नाही.

मशीनची पिशवी भरली होती लाल भुशाने,
बारीक, मऊ, दळलेल्या मिरचीसारखा.
शाळेच्या कचऱ्यात टाकावा, तर पोरं उधळतील.
परसात पसरावा, तर टोमॅटो लावायचेत.
गाडीत मागच्या सीटखाली आहे अजून.
खड्डा आला की शिवणीतून थोडा सांडतो,
मी तळहाताने गोळा करून परत भरतो,
आणि तो हात
घरी पोचेपर्यंत तोंडाजवळ नेत नाही.